नझीरभाईंचा बोलणारा फोन

राजिवड्याच्या अलीकडे, खाडीच्या कडेने जी वस्ती लागते, तिथे कोणाचा इंतकाल झाला, कोणी वारलं, की बाहेरगावच्या माणसांना कळवायचं काम नझीर होडेकर करायचे. ते त्यांना मशिदीच्या जमातीने नेमून दिलेलं नव्हतं. त्याचा पगार नव्हता. मान म्हणावा तर तोही नव्हता, कारण अशा कामाच्या माणसाला दारात आलेलं पाहून कोणाला आनंद होत नाही. त्या वस्तीच्या तोंडाशी असलेल्या शाळेत मी शिकवत होते आणि माझं घरही तिथून जवळच, चढावर. त्यामुळे नझीरभाईंना मी आधी सायकलवर पाहिलं, मग कानाला मोबाइल लावलेलं पाहिलं, आणि शेवटी पडवीतल्या खुर्चीत पाहिलं.

सायकलच्या दिवसांत ते बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. मोहल्ल्यात मय्यत झाली की कारखान्यातून निघून साखरतर, शिरगाव, कर्ला, पार पावसपर्यंत सायकल मारायचे. सांगण्याची त्यांची एक रीत होती. दारातून हाक मारून सांगायचं नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला अंगणात बोलवायचं, खांद्यावर हात ठेवायचा, मग सांगायचं. त्या घरचं पाणी प्यायचं नाही, कारण पाणी आणायला बाई आत जाते आणि आतल्या आत तिला एकटीला रडावं लागतं. हे कारण त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. बाकी कोणाकडून मी ते ऐकलं नाही.

मोबाइल आले तोपर्यंत अर्धा मोहल्ला आखातात आणि मुंबईला गेलेला होता. मग सायकल सुटली आणि नझीरभाई आवाजी मेसेज पाठवू लागले. टाइप केलेलं वाचणारे होते तसे न वाचणारेही होते. म्हातारी माणसं ऐकायची. "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. बंदरावरच्या घरातले दाऊद, मर्हूम हसन तांडेल यांचे मधले चिरंजीव, शिरगावच्या अमिनाबींचे भाऊ, यांचा आज इंतकाल झाला. दफन असरच्या नमाजनंतर." एवढंच. आवाज चढवायचा नाही, पाडायचा नाही. बहारीनला बसलेला माणूस एवढ्यावरून ओळखायचा की हे कोणते दाऊद.

पण त्यातला खरा नियम मेसेजच्या आधीचा होता. पोटची मुलं, सख्खी भावंडं जिथे कुठे असतील तिथे घरच्यांनी आधी कळवायचं. त्यांचं झालं की घरचं माणूस नझीरभाईंना येऊन सांगणार, "आता पाठवा." तोपर्यंत ते बातमी पोटात घेऊन बसायचे. कधी दोन तास, कधी दुपारभर. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "मना काय माहीत नाय बा." एरवी हा माणूस गमत्या. "माझा फोन आला की लोक आधी आपली नाडी बघतात," असं स्वतःच सांगून हसायचा.

साठी उलटल्यावर त्यांना काचबिंदू असल्याचं कळलं, आणि उशिरा कळलं. कडेचं दिसणं कधी गेलं हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. नळीतून बघावं तेवढं समोरचं उरलं होतं. डॉक्टरांनी औषधं दिली, एक ऑपरेशन केलं, आणि शेवटी स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही फार टिकणार नाही. डोळे आहेत तोवर जे शिकायचं ते शिकून घ्या.

घरी आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो फोनचा. दिसेनासं झाल्यावर मेसेज कसा पाठवायचा?

त्यांच्या मोठ्या भावाची मुलगी शिफा शेजारच्याच घरात राहते. ती तेव्हा नर्सिंग संपवून नोकरी शोधत होती. तिने त्यांचा जुना अँड्रॉइड फोन घेतला आणि सेटिंगमध्ये जाऊन तो बोलता केला. पडद्यावर बोट फिरवलं की तिथे काय आहे ते फोन मराठीत सांगणार. तेच हवं असेल तर दोनदा टकटक करायची. रोज संध्याकाळी पडवीत त्यांची शिकवणी चाले.

"चाचा, एवढ्या जोरात नको. डास नाय मारायचा."

"बोट सरकतंय गं."

"सरकू दे. डोळे मिटा बघू आता. नाय, चोरून बघताय तुमी."

"बघून घेतो जरा. नंतर हायच की मिटायचे."

असं म्हटलं की शिफा त्यांचं बोट धरून पुन्हा पडद्यावर ठेवायची. आतून नझीरभाईंच्या पत्नी नसीमा ओरडायच्या, "काय पन बोलता हो!"

शिकवणी रंगात आली असतानाच कुवेतहून तहाचा फोन आला. तहा हा त्यांचा एकुलता एक मुलगा. माझ्या हाताखालून चौथीपर्यंत गेलेला. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारा. कुवेतला एसी दुरुस्तीच्या कंपनीत तो चांगला स्थिरावला होता, लग्नानंतर बायकोलाही घेऊन गेला होता. पूर्वी त्याचा दर शुक्रवारी फोन यायचा. लग्नानंतर काही शुक्रवार सुटू लागले आणि नसीमांनी त्याबद्दल बोलणं सोडून दिलं होतं.

"अब्बा, तो फोन राहू द्या," तो म्हणाला. स्पीकर चालू होता, मी तिथेच होते. "मी आयफोन पाठवतोय. न दिसणाऱ्यांसाठी तोच चांगला. आणि माझ्याकडे पन तोच हाय. काय अडलां तर मी इथून सांगेन. एकमेकांना बघून बोलूया."

"मना कुठे दिसणार हायस तू?"

"मी तुमाला बघेन ना."

नझीरभाईंचा चेहरा उजळला. ते मी पाहिलं.

फोन आला तो कुवेतहून रजेवर आलेल्या शेजाऱ्याबरोबर. आमच्याकडे अशी वस्तू गुपचूप मिळत नाही. आणणाऱ्याच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, चार माणसांसमोर खोकं उघडायचं. संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला माहीत झालं की तहाने बापाला आयफोन पाठवला. आता तो परत करणं किंवा कपाटात ठेवणं हीसुद्धा चार माणसांत झालेली गोष्ट ठरली असती.

शिफाला ते पसंत नव्हतं. "चाचा, ह्याची बोटं वेगळी आणि त्याची वेगळी. एकात दोन बोटांनी सरकवायचं, दुसऱ्यात तीन. आत्ता कुठे हात बसतोय तुमचा. दोन्ही शिकायला गेलात तर एकपन येणार नाय."

"पोराने पाठवलाय तो काय कपाटात ठेवायचा?" नसीमा म्हणाल्या.

"चाची, मी इथे हाय. मना हा येतो. तो मना येत नाय."

"तहाला येतो ना."

"तहाभाई कुवेतला हाय."

"म्हणून काय झालां? मुलगा तो मुलगा."

मी त्यांना विनीत साळवीकडे घेऊन गेले. विनीत माझ्या मैत्रिणीचा मुलगा, जन्मापासून दृष्टी नाही, एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहे. दोन्ही प्रकारचे फोन त्याने वापरलेत. त्याने आयफोन हातात घेतला, अंगठ्याने कडा चाचपल्या आणि म्हणाला, "मस्त आहे, चाचा. दोन्ही वाचतात, पण हा जरा सफाईने वाचतो. मी दोन वर्षं हाच वापरला."

"मग सोडलास कशाला?"

"अडलो की विचारू कोणाला? माझ्या ऑफिसात, वाडीत, रिक्षावाल्याकडे, सगळ्यांकडे अँड्रॉइड. माझा फोन हातात घेतला की लोक बिचकायचे. तुमच्या आळीत आयफोन कोणाकडे आहे?"

"कोणाकडे नाय. जमातीच्या सेक्रेटरीच्या पोराकडे हाय एक, तो फोटो काढतो फक्त."

"मग?"

"माझ्या पोराकडे हाय."

"तो कुठे असतो?"

"कुवेतला."

विनीत हसला. "म्हणजे शेजारीच."

नझीरभाईही हसले. परतताना चढावर ते माझ्या कोपराला धरून चालत होते. तेव्हा तेवढा आधार त्यांना लागू लागला होता. मध्येच थांबले आणि म्हणाले, "तो विनीत खरां बोलला, बाई. मना कळतंय. पण मी नको म्हटलां तर तहा रागावणार नाय. तेच वाईट. 'बरां' म्हणेल आणि गप्प बसेल. मग पुढे फोन करायला त्याला कारण काय राहील? हा घेतला तर महिन्यातून चारदा तरी अडेन मी. चारदा तरी बोलेल."

मी म्हटलं, "आणि मय्यतीचे मेसेज?"

"ते पन व्हायला हवेत," ते म्हणाले. "त्याच्याशिवाय मी काय करू दिवसभर?"

दोन्ही गोष्टी एकाच फोनवर टेकवलेल्या होत्या. हे त्यांनाही दिसत होतं.

चार-पाच दिवसांनी त्यांनी आयफोन घ्यायचं ठरवलं आणि ठरवल्यावर मागे-पुढे केलं नाही. हात जुन्या सवयीकडे वळू नये म्हणून जुना फोन बुरोंडीला मेहुण्याकडे पाठवून दिला. शिफाने तोंड पाडलं, तरी नवा फोन चालू करून द्यायला तीच बसली. त्यात एक खातं टाकावं लागतं, ई-मेल आणि पासवर्ड. ती म्हणाली, "चाचांच्या नावाने नवीन काढते." तिकडून तहा म्हणाला, "कशाला? माझंच टाक. अब्बांचा पासवर्ड कोण लक्षात ठेवणार?" त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे घरातल्या सगळ्या फोनवर एकाच मुलाचं खातं असतं, रेशनकार्डावर एकाच माणसाचं नाव पहिलं असतं तसं. शिफाने तहाचं खातं टाकलं. पुढच्या महिन्यात तिला पुण्याच्या इस्पितळात नोकरी लागली आणि ती गेली.

मग काही महिने नझीरभाईंनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. सकाळी नमाज झाली की पडवीत बसून सराव. फोन बोलतोय आणि हे त्याला उत्तर देतायत. "परत जा." "अरे परत म्हटलां ना तुला." अडलं की तहाला फोन. तहा खरंच सांगायचा. महिन्यातून चारदा नाही, आठवड्यातून चारदा. नसीमा भाकरी थापता थापता कान देऊन ऐकायच्या. एकदा मला म्हणाल्या, "बाई, एवढा तर तो इथे असताना पन बोलत नव्हता."

हिवाळ्यापर्यंत नळीतलं दिसणंही संपलं. मोठं काही झालं नाही. एका सकाळी त्यांनी नसीमांना विचारलं, "उजाडलां काय?" आणि उजाडून बराच वेळ झाला होता. नसीमांनी सांगितलं, "उजाडतंय."

त्यानंतर आलेली पहिली मय्यत त्यांनी संपूर्ण अंधारात सांगितली. मी समोर बसले होते. बोट पडद्यावर फिरत गेलं, ग्रुपच्या नावावर थांबलं, टकटक झाली, मग त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि नेहमीच्या आवाजात, ना चढवता ना पाडता, बातमी सांगितली. पाठवल्यावर फोनने "पाठवला" असं सांगितलं. त्यांनी घाम पुसला. "गेलां," म्हणाले. दुसऱ्याच्या मरणाची बातमी होती, म्हणून आनंद दाखवता येत नव्हता. पण तोच मेसेज त्यांनी फोन कानाशी धरून पुन्हा एकदा ऐकला.

घसरण सुरू झाली ती एका चांगल्या हेतूनेच. नाक्यावर चहाच्या टपरीत ते बसले होते. एका घरची बातमी त्यांच्या फोनवर लिहून आलेली होती आणि "आता पाठवा" अजून आलेलं नव्हतं. फोन कानाशी धरून ते हळू आवाजात ऐकत होते. पण पडदा उजेडात उघडा होता. मागे उभ्या असलेल्या कोणीतरी तो वाचला आणि आपल्या स्टेटसवर टाकला. गेलेल्या माणसाची मुलगी मस्कतला होती. भावाचा फोन लागायच्या आधी तिने बापाची बातमी परक्याच्या स्टेटसवर वाचली.

नझीरभाई नसीमांचा हात धरून त्या घरी गेले आणि अंगणात उभं राहून त्यांनी माफी मागितली. घरचे म्हणाले, तुमची काय चूक? पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं. "इतकी वर्षां बातमी पोटात ठेवली," मला म्हणाले, "आणि आता खिशातून सांडली."

त्यांनी तहाला विचारलं, "आंधळ्याच्या फोनला उजेड कशाला? बंद होत नाय काय तो?" तहाने शोधून सांगितलं की होतो. तीन बोटांनी तीनदा टकटक केली की पडदा काळा होतो. फोन चालूच राहतो, बोलतो, ऐकतो, पण बघणाऱ्याला काही दिसत नाही. नझीरभाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी फोन कायमचा काळा करून ठेवला. त्याच तीन बोटांनी दोनदाच टकटक झाली तर आवाज बंद होतो, हे तहाने सांगितलं नाही. त्याला ते माहीतच नव्हतं. त्याचे डोळे चांगले होते. त्याला गरज पडली नव्हती.

याच सुमारास तहाची कंपनी बंद झाली आणि त्याने ओमानला दुसरं काम धरलं. नवीन देश, नवीन नंबर, नवीन साहेब. फोन पुन्हा शुक्रवारवर आले.

एका सकाळी नझीरभाईंना वाटलं की रात्री पडदा उघडा राहिला असावा. त्यांनी तीन बोटांनी टकटक केली. एक टकटक कमी पडली असणार. फोन मुका झाला. काळा तो आधीपासून होताच. त्यांनी बोट फिरवलं, काही नाही. बटण दाबलं, काही नाही. नसीमांनी बघितला तर पडदा काळाकुट्ट. चार्जरला लावला, तरी काळाच.

नसीमांच्या बटणांच्या फोनवरून तहाला फोन लावला. तो शिडीवर होता. म्हणाला, "अम्मी, मी ड्युटीवर हाय. दुकानात दाखवा ना कुठेतरी."

शिफाला विचारता आलं असतं. पुण्याला फोन केला असता तर तिने कोणाला तरी विचारून सांगितलं असतं. पण तिचं न ऐकता हा फोन घेतलेला. आता तिलाच विचारायचं? नसीमांना ते जड वाटलं. विनीत मला सुचला असता, पण मला हे कळेपर्यंत दुकान करून झालं होतं. त्या पदर सावरून बाजारात गेल्या.

दुकानदार भला माणूस होता. त्याने आपल्याला माहीत होतं ते सगळं केलं. पडदा काळा म्हणजे डिस्प्ले गेला, म्हणून नवा बसवून बघितला. तोही काळाच. मग तो म्हणाला, "चाची, सॉफ्टवेअर मारून बघतो, फोन नवा होऊन जाईल." नसीमा म्हणाल्या, "करा बाबा." फोन खरंच नवा झाला. उजेड आला. त्यातलं सगळं पुसलं गेलं होतं आणि पडद्यावर एकच गोष्ट होती: तहाचं खातं, आणि त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट.

फोन चोरीला गेला तर चोराला वापरता येऊ नये म्हणून ते कुलूप असतं. ते आपलं काम करत होतं. तहाला पासवर्ड आठवेना. नवा काढायचा तर खात्री करणारा आकडा त्याच्या जुन्या कुवेतच्या नंबरवर जात होता आणि तो नंबर त्याने सोडलेला होता. त्याने फोनच्या कंपनीकडे अर्ज केला. थांबायला सांगितलं. त्याने धीर न धरता मध्येच पुन्हा खटपट केली, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून थांबायला सांगितलं. दर शुक्रवारी तो म्हणायचा, "होईल अब्बा, पुढच्या आठवड्यात." मग तोही विषय काढेनासा झाला. फोन कोनाड्यात पडून होता.

शिफाला हे कळलं ते ईदला घरी आल्यावर. तिने दुकानात काय काय झालं ते नीट विचारून घेतलं, आपल्या फोनवर काहीतरी वाचलं, आणि माझ्याकडे आली. "बाई, तीन बोटांनी दोनदा. बस्स. तेवढ्याने आवाज आला असता. फोनला काय झालंच नव्हतं."

तिने ते नझीरभाईंना सांगितलं तेव्हा मी तिथे होते. त्यांनी तीन बोटं मांडीवर दोनदा टेकवून बघितली. मग हळूच म्हणाले, "तुझी चाची कुठे हाय?"

"विहिरीवर."

"तिला सांगू नको. ती घेऊन गेली होती दुकानात." मग माझ्या बाजूला तोंड करून, "बाई, तुमी पन नको."

शिफा म्हणाली, "चाचा, मी तुमाला माझा जुना अँड्रॉइड देते. महिनाभर रजा काढून शिकवते."

"बोटांना आता दुसरां वळण लागलां गं. तेव्हा डोळे होते, म्हणून शिकलो. आता कशाने शिकू?"

"विनीतदादा नाय शिकला?"

"तो लहानपणापासून तसा. आणि..." ते थांबले. "तहाला वाईट वाटेल. तो खटपट करतोय."

शिफा उठून घरी गेली. तिच्या जाण्याचा आवाज त्यांनी ऐकला असणार, पण हाक मारली नाही.

मरण कोणासाठी थांबत नव्हतं. बातमी कोणीतरी द्यायलाच हवी होती. जमातीच्या सेक्रेटरीच्या मुलाने ते काम उचललं. कोणी त्याला सांगितलं नव्हतं आणि कोणी नझीरभाईंना नको म्हटलं नव्हतं. तो फोटो टाकून एक पत्रक बनवायचा: नाव, बापाचं नाव, दफनाची वेळ. अक्षर सुबक, मागे मशिदीचं चित्र. त्यात वाईट काही नव्हतं. तो घरच्यांना विचारूनच टाकायचा, कधी विचारायचं राहूनही जायचं. लोकांना सवय झाली. पत्रक पुढे पाठवायला सोपं होतं.

घरचं माणूस बातमी घेऊन यायचं ते आता नझीरभाईंच्या दारावरून पुढे जायचं. पायांच्या आवाजावरून त्यांना कळायचं. "कोण गेलां गं?" ते नसीमांना विचारायचे. नसीमा म्हणायच्या, "काय माहीत. पाण्याला चालला असेल." आणि संध्याकाळी मशिदीच्या भोंग्यावर नाव ऐकू यायचं. ते दफनाला जायचे, कोणीतरी हात धरून न्यायचं. तिथे लोक आपुलकीने बोलायचे. "नझीरभाई, तुमचा आवाज कुठे गेला?" असंही एक-दोघांनी विचारलं. ते हसून म्हणायचे, "दुकानात टाकलाय." त्यानंतर कोणी पुढे विचारत नसे.

त्या वर्षात ते फार उतरले. पडवीत बसायचे, पण पाय आत घेऊन. पूर्वी रस्त्याने कोण गेलं ते चपलेच्या आवाजावरून सांगायचे आणि बरोबर निघालं की खूश व्हायचे. तेही बंद केलं. मी गेले की माझ्याशी शाळेबद्दल बोलायचे, कोणत्या मुलाचं काय झालं ते विचारायचे. फोनचा विषय काढायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "बाई, मी तेव्हा दोन्ही बघितलां. काम पन आणि पोरगा पन. माणसाने एकच बघायला हवां होतां काय?"

तहा रजेवर आला तो दोन वर्षांनी. तोपर्यंत त्याचं खातं उघडून झालेलं होतं, पण इतक्या लांबून आंधळ्या बापाकडून आणि न वाचणाऱ्या आईकडून ते फोनमध्ये घालून घेणं त्याला जमलं नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाला त्याने ते सांगितलंही नव्हतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मला निरोप आला, म्हणून मी गेले. पडवीत चटईवर तहा बसला होता, डोक्यावरचे केस मागे हटलेले, पोट सुटलेलं. मला बघून उठला, वाकला. "बाई, कशा हाव?" तेवढ्यात त्याने फोन चालू करून पासवर्ड टाकलाही. चहा व्हायच्या आत बोलणं, मेसेजचं ॲप, सगळं चालू झालं.

फोन बोलू लागला तसे नझीरभाई खुर्चीत पुढे सरकले. हात पुढे केले. तहाने फोन त्यांच्या तळव्यांवर ठेवला. बोट फिरू लागलं. आधी अडखळलं, मग वाट सापडत गेली. "बघा," ते मला म्हणाले, "विसरलो नाय."

मग ते ग्रुपवर गेले. जुना ग्रुप बंद झाला होता. सेक्रेटरीच्या मुलाने नवा काढला होता आणि सगळ्यांना त्यात घेतलं होतं, नझीरभाईंचा नंबरही घेतला होता. आळीतल्या एकाची पहाटे मय्यत झालेली होती. नझीरभाईंना ते भिंतीपलीकडच्या रडण्यावरून कळलेलं होतं. पत्रकाच्या फोटोपाशी बोट आलं तेव्हा फोन म्हणाला, "फोटो." पुढे काही नाही. ते बोट खाली घेऊन गेले, जिथे बोलायची खूण असायची तिथे. फोन स्वच्छ, सफाईदार आवाजात म्हणाला, "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात."

त्यांनी बोट बाजूला नेलं आणि परत आणलं. फोनने तेच सांगितलं.

"काय म्हणतो तो?" नसीमांनी आतून विचारलं.

"काय नाय अम्मी," तहा म्हणाला. "ग्रुपची सेटिंग हाय. आता सगळीकडे अशीच असते. नाय तर लोक गुड मॉर्निंग टाकत बसतात."

नसीमा पदराला हात पुसत दारात आल्या. "मग सांग ना सेक्रेटरीला, ह्यांना पन तो काय असतो तो करा म्हणून. इतकी वर्षां ह्यांनीच तर..."

"नको," नझीरभाई म्हणाले.

"का नको?"

"त्यांनी काय माझ्याकडून काढून घेतलां नाय. मी बसून होतो, त्यांनी उचललां. आता मागायला जाऊ?"

तहा एकदा बापाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. हे काम बापासाठी काय होतं ते त्याला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. लहानपणी येत असलेलं उत्तर तो जसा तोंडातच ठेवायचा, तसा त्याचा चेहरा झाला होता. मग तो म्हणाला, "अब्बा, हा आता जुना पन झालाय. पुढच्या वेळी येताना नवीन आणतो. त्यात अजून चांगलां वाचतो."

नसीमांनी मान फिरवली.

नझीरभाईंनी फोन दोन्ही हातांत धरला होता. तो अजून काहीतरी सांगत होता, वेळ, बॅटरी. त्यांनी तीन बोटं टेकवून तो गप्प केला, दोनदा, बरोबर.

"आण," ते म्हणाले. "कधी येशील?"

"रजा मिळण्यावर हाय, अब्बा. बघू."

"बघ," ते म्हणाले, आणि नसीमांना चहाचं विचारलं.